वजन उतरविण्याचा इतिहास : ट्रायल्स मोटारसायकल, घरगुती कार्बन फायबर आणि परभणीच्या काळ्या मातीतील कारागिरी

गोषवारा

वाहनांचा इतिहास सामान्यतः कारखाने, परवाने आणि उत्पादनाचे आकडे यांच्या आधारे लिहिला जातो. ट्रायल्स या क्रीडाप्रकारासाठी घडविली गेलेली मोटारसायकल या चौकटीत बसत नाही. तिचा विकास प्रामुख्याने छोट्या कार्यशाळेत, एकेका भागाचे वजन उतरवीत झाला. प्रस्तुत लेखात या विकासाचे टप्पे, त्यातून भारतात आलेली बुलेट, कार्बन फायबरची बाह्यांगे घरच्या घरी घडविण्याची पद्धती आणि भारतातील परवाना व नोंदणीव्यवस्था यांचा विचार केला आहे. परभणीसारख्या जिल्ह्यातील अलिखित यंत्रकौशल्याकडे इतिहासाभ्यासकाने कसे पाहावे, हा लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

प्रस्तावना

परभणी जिल्ह्याचा बहुतांश भूभाग गोदावरी, पूर्णा आणि दुधना या नद्यांच्या खोऱ्यातील काळ्या मातीने व्यापलेला आहे. ही माती कापसाला आणि ज्वारीला जितकी उपकारक, तितकीच पावसाळ्यात वाहनाला जाचक. शेताकडे जाणाऱ्या गाडीवाटेवर मोटारसायकल नेली की चाक आणि मडगार्ड यांच्यामध्ये चिखलाचा गोळा घट्ट बसतो आणि चाक फिरेनासे होते. त्यामुळे पुढचे मडगार्ड काढून ठेवणे, किंवा गॅरेजमधून पट्टी जोडून ते वर उचलून घेणे, हा उपाय काळ्या मातीच्या प्रदेशात रूढ झालेला आहे. तो कोणत्याही पुस्तकात नाही आणि त्याचा कर्ता कोण हे कोणी विचारीत नाही.

हाच उपाय ब्रिटनमधील ट्रायल्स स्पर्धकांनीही योजला होता. ओल्या दगडांतून आणि चिखलाच्या ओढ्यांतून मोटारसायकल नेताना त्यांनी मडगार्ड चाकापासून दूर नेले. तेथे मात्र त्या बदलाची नोंद झाली, छायाचित्रे निघाली आणि त्या मोटारसायकली संग्रहालयांत ठेवल्या गेल्या. एकाच अडचणीतून निघालेल्या दोन समान उत्तरांपैकी एक इतिहासात गेले आणि दुसरे गेले नाही. ही तफावत का निर्माण झाली, हे समजून घेण्यासाठी ट्रायल्स मोटारसायकलीच्या जडणघडणीकडे वळावे लागते.

१. ट्रायल्स : वेगाविना स्पर्धा

मोटारसायकलींच्या बहुतेक स्पर्धांत वेग निर्णायक असतो. ट्रायल्समध्ये तसे नाही. दगड, ओढे, चढ आणि झाडांची मुळे असलेले छोटे टप्पे आखून दिले जातात आणि स्वाराने जमिनीला पाय न टेकता ते पार करावयाचे असतात. पाय टेकला की दंडगुण, गाडी थांबली किंवा हद्दीबाहेर गेली की पाच दंडगुण. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो विजयी. कस लागतो तो तोलाचा आणि संयमाचा.

स्कॉटलंडमधील सहा दिवसांची प्रसिद्ध स्पर्धा १९०९ साली सुरू झाली. यॉर्कशायरमधील कारखानदार आल्फ्रेड अँगस स्कॉट यांनी आपल्या कामगारांसाठी १९१४ साली भरविलेल्या स्पर्धेतून स्कॉट ट्रायल उदयास आली. कारखान्यातील माणसांनीच आपण बनविलेली गाडी डोंगरात नेऊन पाहावी, हा त्या स्पर्धेचा मूळ भाव लक्षणीय आहे. बनविणारा आणि चालविणारा यांच्यातील अंतर या खेळात आरंभापासूनच कमी होते. जागतिक विजेतेपदाची मालिका १९७५ साली सुरू झाली, तोपर्यंत या खेळाने स्वतःचे वेगळे यंत्र घडविले होते.

२. बुलेट : ट्रायल्समधून सैन्याकडे

मराठवाड्यातील वाचकाला या खेळाचे नाव अपरिचित असले, तरी त्यातून सिद्ध झालेले एक यंत्र अतिशय परिचित आहे. ते म्हणजे बुलेट. फौजदार, बागायतदार आणि निवृत्त सैनिक यांच्याशी जोडली गेलेली ही जड, भारदस्त गाडी एकेकाळी डोंगरातील ट्रायल्ससाठी उतरविली गेली होती, ही बाब सहसा सांगितली जात नाही.

इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एन्फिल्ड कंपनीने १९४८ साली ३५० वर्गातील नव्या बुलेटचे नमुने कोलमोर कप ट्रायलमध्ये उतरविले. या नमुन्यांच्या मागील चाकाला झुलत्या बाहूवरील स्प्रिंगचा आधार होता. त्या काळी ट्रायल्समधील अनेक जाणकारांचे मत याविरुद्ध होते. मागील चाक सांगाड्याला ताठ जोडलेले असेल तरच जमिनीवर पकड राहते, अशी त्यांची धारणा होती. त्याच वर्षी इटलीतील सान रेमो येथे झालेल्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ब्रिटिश संघाने मुख्य ट्रॉफी जिंकली आणि त्या संघात दोन स्वार बुलेटवर होते. पुढे जॉनी ब्रिटन यांनी रॉयल एन्फिल्डवरून स्कॉटलंडमधील सहा दिवसांची स्पर्धा १९५२ आणि १९५७ अशी दोनदा जिंकली. स्प्रिंगयुक्त मागील चाकाची उपयुक्तता अशी प्रत्यक्ष खडकावर सिद्ध झाली.

याच सुमारास भारतीय सैन्याला सीमावर्ती भागातील गस्तीसाठी खडतर वाटांवर टिकणारी मोटारसायकल हवी होती आणि निवड बुलेटची झाली. १९५५ साली रेडिचची कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया स्थापन झाली. १९७० च्या सुमारास मूळ ब्रिटिश कंपनीचे उत्पादन थांबले, मद्रासचे मात्र चालू राहिले. भारतात आलेली बुलेट ही प्रवासी आणि सैनिकी घडणीची होती. लोखंडी टाकी, मोठी मडगार्डे, रुंद सीट, सामान वाहण्याचा सांगाडा यांनी तिचे रूप ठरले. २०१९ साली कंपनीने ट्रायल्सच्या परंपरेला उजाळा देण्यासाठी बुलेट ट्रायल्स या नावाचे मॉडेल भारतात आणले. वर चढविलेला सायलेन्सर आणि आखूड मडगार्ड असूनही तिचे वजन १८० किलोहून अधिक होते. पुढच्याच वर्षी ते मॉडेल बंद झाले. रूप ट्रायल्सचे होते, पण ट्रायल्सचे मर्म, म्हणजे हलकेपण, त्यात आलेले नव्हते.

३. कार्यशाळेने पूर्ण केलेले काम

हे हलकेपण कसे साधले गेले, याचे सर्वांत बोलके उदाहरण बेलफास्ट येथे जन्मलेले सॅमी मिलर यांच्या एरियल मोटारसायकलीचे आहे. जीओव्ही १३२ या नोंदणी क्रमांकाने ती ओळखली जाते. ५०० वर्गातील या गाडीचे कारखान्यातून येणारे रूप सुमारे १३० किलोचे होते. एरियल कंपनीने १९५९ साली चार-स्ट्रोक मोटारसायकलींचे उत्पादन थांबविले. कारखान्याने पाठ फिरविलेले हे यंत्र मिलर यांनी मात्र सोडले नाही. त्यांनी हलक्या मिश्रपोलादाच्या नळ्यांचा सांगाडा घेतला, बोल्ट, आस आणि पट्ट्या यांतील धातू कमी केला आणि लोखंडी पत्र्याऐवजी काचतंतूंची, म्हणजे आपल्याकडील बोलीत ‘फायबर’ची, बाह्यांगे वापरली. गाडीचे वजन ११० किलोच्या आसपास आले. याच गाडीवर त्यांनी १९६२ आणि १९६४ साली स्कॉटलंडमधील स्पर्धा जिंकली.

१९६४ च्या अखेरीस मिलर स्पेनमधील बुल्ताको कंपनीत गेले आणि संस्थापक फ्रान्सिस्को बुल्तो यांच्यासह त्यांनी शेर्पा या नव्या ट्रायल्स मोटारसायकलीची जडणघडण केली. १९६५ साली त्या दोन-स्ट्रोक गाडीने स्कॉटलंडमध्ये विजय मिळविला आणि जड चार-स्ट्रोक यंत्रांचे युग ओसरले. आज स्पर्धेतील ट्रायल्स मोटारसायकल ७० किलोच्या आसपास असते. तिला बसण्यासाठी सीटही नसते, कारण स्वार पूर्ण वेळ उभाच असतो.

या घटनाक्रमातून एक सूत्र हाती लागते. प्रवासी मोटारसायकल भर घालत विकसित झाली, तर ट्रायल्स मोटारसायकल वजा करीत विकसित झाली. वजा करण्याचे काम मोठ्या उत्पादनसाखळीला सहज जमत नाही. तेथे एकच भाग हजारोंनी काढावयाचा असतो आणि प्रत्येक ग्राहकाची गरज गृहीत धरून तो जाड ठेवावा लागतो. एकाच गाडीवर, एकाच स्वारासाठी काम करणारा कारागीर मात्र तराजू हाती घेऊन प्रत्येक भागाला विचारू शकतो, की तुझी गरज किती?

४. कार्बन फायबर : प्रयोगशाळेतून अंगणात

काचतंतूंनी सुरू केलेले काम पुढे कार्बन फायबरने नेले. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी उच्च क्षमतेच्या कार्बन तंतूंचा शोध लावला, १९६१ साली जपानमध्ये अकिओ शिंदो यांनी पॉलिॲक्रिलोनायट्राइलपासून तंतू करण्याची दिशा दाखविली आणि १९६० च्या दशकात ब्रिटनमधील फार्नबरो येथील शासकीय संशोधन संस्थेत त्या पद्धतीचा विकास झाला. रोल्स-रॉइसने विमानाच्या इंजिनातील पंख्याची पाती या पदार्थाची केली, परंतु पक्षी आदळण्याच्या चाचणीत ती टिकली नाहीत आणि टायटॅनियमकडे वळावे लागले. १९८१ साली मॅक्लारेनच्या शर्यतीच्या मोटारीचा संपूर्ण गाभा कार्बन फायबरचा झाला. भारतात तेजस विमानाच्या सांगाड्याच्या वजनात सुमारे ४५ टक्के वाटा अशा संमिश्र पदार्थांचा आहे.

इतक्या उच्च तंत्रज्ञानाशी निगडित पदार्थ छोट्या कार्यशाळेत हाताळता येतो, हे अनेकांना अविश्वसनीय वाटेल. तंतू तयार करणे हे महाकाय उद्योगाचे काम आहे, यात शंका नाही. तयार कापड आणि रेझिन हाती आल्यावर त्यांपासून वस्तू घडविण्याची पद्धती मात्र साच्याची आहे, आणि साचा महाराष्ट्रातील गणेशमूर्तिकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या परिचयाचा आहे. आधी लाकूड, फोम किंवा शाडूमातीत मूळ नमुना घडवून तो गुळगुळीत करतात. त्यावर मेण चढवून काचतंतूंचा साचा काढतात. साच्याला पुन्हा मेण लावून कार्बनच्या कापडाचे थर इपॉक्सी रेझिनमध्ये भिजवून बसवितात. त्यावर प्लास्टिकची पिशवी हवाबंद चिकटवून आतील हवा पंपाने ओढून घेतात. जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवरही हे काम भागते. हवा निघून गेल्यावर बाहेरील वातावरणाचा दाब प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा भार टाकतो. जास्तीचे रेझिन पिळून निघते आणि थर एकजीव होतात.

या पद्धतीने नेमके किती वजन उतरते, हे साध्या गणिताने पाहता येते. ०.३ चौरस मीटर क्षेत्रफळाचे मडगार्ड ०.८ मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे केल्यास त्याचे वजन सुमारे १.९ किलो भरते. तेच प्रति चौरस मीटर ४५० ग्रॅमच्या काचतंतूंच्या चटईचे दोन थर हाताने रेझिन लावून केल्यास ८०० ते ९५० ग्रॅम भरेल. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅमच्या कार्बन कापडाचे तीन थर आणि तितक्याच वजनाचे रेझिन धरल्यास ते ३६० ग्रॅमवर येते. म्हणजे लोखंडाच्या तुलनेत सुमारे दीड किलोची बचत होते.

ही बचत १८० किलोच्या बुलेटवर एक टक्क्याहूनही कमी आहे. ७० किलोच्या गाडीवर ती दोन टक्क्यांच्या घरात जाते. त्यामुळे जड गाडीवर कार्बनचे मडगार्ड चढवून ती ट्रायल्सची होत नाही. आधी सीट, अवजड टाकी, सामानाचा सांगाडा, जाड पट्ट्या यांचा हिशेब व्हावा लागतो, कार्बनचा क्रम शेवटचा. मिलर यांनी सांगाड्यापासून सुरुवात केली, यामागे हेच कारण दिसते.

पदार्थाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. कार्बन वाकत नाही, तुटतो. रोल्स-रॉइसच्या पात्यांना जे पक्ष्याने दाखविले, ते ट्रायल्सच्या गाडीला प्रत्येक पडझडीत दगड दाखवितो. म्हणून जेथे आपटण्याचा संभव अधिक तेथे लवचिक प्लास्टिक आणि जेथे आकार ताठ हवा तेथे कार्बन, अशी विभागणी सयुक्तिक ठरते. कार्बन आणि ॲल्युमिनियम थेट एकमेकांस लागल्यास ओलाव्यात ॲल्युमिनियम गंजते, त्यामुळे मध्ये काचतंतूंचा थर द्यावा लागतो. कापताना उडणारी धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मुखपट्टी अनिवार्य असते. परभणीच्या हवामानाचा विचारही वेगळा करावा लागेल. उन्हाळ्यात तापमान ४० अंशांपुढे जात असताना रेझिन भांड्यातच लवकर घट्ट होते, तर पावसाळी दमट हवेत पृष्ठभाग नीट सुकत नाही. पहाटेची वेळ आणि थोडे थोडे मिश्रण हे तेथील शहाणपण ठरेल.

५. परवाना, नोंदणी आणि कार्यशाळेची सीमा

मिलर यांच्यासारखा कारागीर महाराष्ट्रात झाला असता तर त्याचे काय झाले असते? या प्रश्नाचे आंशिक उत्तर इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांच्या उदाहरणात मिळते. १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी स्वबळावर छोटी मोटार घडविण्यास आरंभ केला आणि १९७० च्या दशकापर्यंत एकामागून एक सुधारित नमुने तयार केले. ‘मीरा’ या नावाने ही मोटार ओळखली गेली. तिची अपेक्षित किंमत सुमारे १२ हजार रुपये होती. नमुने रस्त्यावर धावले, परंतु उत्पादनाचा मार्ग खुला झाला नाही. १९५१ च्या उद्योग अधिनियमाने उभ्या केलेल्या परवानापद्धतीत कोणी, किती आणि काय बनवावे हे शासन ठरवीत होते. त्या व्यवस्थेत परदेशी कंपनीच्या तंत्रसाहाय्याने उत्पादन करणाऱ्यास वाट मिळत होती. बजाजने पियाज्जोच्या साहाय्याने स्कूटर काढली आणि १९७२ साली अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर येथून, कायनेटिकची लूना आली. लूनाचे मूळही पियाज्जोच्या मोपेडमध्ये होते. स्वतः नमुना घडविणाऱ्या एकट्या माणसासाठी मात्र त्या रचनेत स्वतंत्र खाना नव्हता.

१९९१ नंतर परवान्याचे बंधन सैल झाले. नोंदणीचे बंधन मात्र वेगळ्या कारणाने कायम राहिले. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाचे मूळ वैशिष्ट्य बदलेल असा रचनेतील बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणात ही तरतूद काटेकोरपणे लागू केली. रस्त्यावरील इतरांच्या सुरक्षिततेचा विचार करता ही भूमिका अनाठायी म्हणता येत नाही. घरी जोडलेला सांगाडा भर रस्त्यात तुटला तर त्याची किंमत दुसऱ्यालाच मोजावी लागते.

तथापि ट्रायल्सचे क्षेत्र रस्ता नाही. बंदिस्त आवारात, आखलेल्या टप्प्यांवर, चालण्याच्या वेगाने होणारा हा खेळ कार्यशाळेतील प्रयोगाला तुलनेने सुरक्षित जागा देतो. २००७ साली बाहा स्पर्धेच्या रूपाने भारतातील अभियांत्रिकी विद्यार्थ्यांनी स्वतः घडविलेली वाहने मध्य प्रदेशातील पीथमपूरच्या मैदानावर उतरविली, तेव्हा हीच वाट वापरली गेली. महाविद्यालयाच्या कार्यशाळेत सांगाडा जोडणारा, साचा काढणारा, प्रत्येक भाग तोलणारा विद्यार्थी हा मिलर यांच्या परंपरेतीलच आहे.

६. परभणीच्या संदर्भात

परभणी हा मोठ्या वाहन उद्योगाचा जिल्हा नाही. मराठवाड्यात तो उद्योग १९८५ साली वाळूज येथे बजाजच्या कारखान्याने आला. परभणी जिल्ह्याची यंत्रपरंपरा वेगळ्या वाटेने घडली. पूर्णा हे रेल्वेचे जंक्शन, १९७२ साली स्थापन झालेले मराठवाडा कृषी विद्यापीठ, तेथील बैलचलित अवजारांवरील काम, तालुक्याच्या गावांतील वेल्डर, लेथवाले आणि पत्राकाम करणारे मिस्त्री ही तिची साधने होत. उत्तरेस जिंतूर परिसरातील टेकड्या आणि नेमगिरीचा खडक, दक्षिणेस गंगाखेडकडील बालाघाटचे फाटे आणि मध्ये काळ्या मातीच्या गाडीवाटा. ट्रायल्सला लागणारी भूमी येथे निसर्गतःच आहे.

येथील मिस्त्रीच्या कामाला ‘जुगाड’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. हा शब्द कौतुकाने वापरला जातो, परंतु त्यातून विचार आणि मोजमाप वगळले जाते. उचललेले मडगार्ड हा चाक, चिखल आणि अंतर यांच्या निरीक्षणातून निघालेला निष्कर्ष असतो. मिलर यांचे काम आणि मिस्त्रीचे काम यांत बुद्धीचा फरक दिसत नाही. फरक आहे तो तराजूचा आणि वहीचा. मिलर यांच्या प्रत्येक बदलाचे वजन ज्ञात झाले, त्यावर लिहिले गेले आणि पुढचा कारागीर तेथून पुढे गेला. नोंद नसलेले ज्ञान कारागिरासोबतच संपते आणि पुढच्या पिढीला पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

समारोप

वरील विवेचनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, ट्रायल्स मोटारसायकलीचा निर्णायक विकास कारखान्याइतकाच, किंबहुना काही काळ त्याच्या पश्चात, कार्यशाळेत झाला. दुसरी, कार्बन फायबरची बाह्यांगे घडविण्याचे तंत्र छोट्या गावाच्या आवाक्यातील आहे, मात्र त्याचे मोल चकाकीत नसून मोजलेल्या ग्रॅममध्ये आहे. तिसरी, भारतातील कारागिराला आधी परवान्याने आणि नंतर नोंदणीच्या नियमांनी सीमा घातल्या. त्यांपैकी दुसऱ्या सीमेला सुरक्षिततेचे सबळ कारण आहे आणि बंदिस्त मैदानाचा मार्गही तिने बंद केलेला नाही.

इतिहास विभागांपुढील काम यातून निश्चित होते. तालुक्याच्या गावांतील जुनी गॅरेजे बंद होत आहेत, वयोवृद्ध मिस्त्री काम सोडत आहेत आणि त्यांनी केलेली हत्यारे व साचे भंगारात जात आहेत. महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्याने अशा मिस्त्रीची मुलाखत घ्यावी, भौतिकशास्त्राच्या किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्याने त्याने केलेला भाग तोलावा आणि मोजावा, आणि दोघांची नोंद एकाच वहीत व्हावी. या कामास मोठा निधी लागत नाही. मौखिक साधन आणि भौतिक साधन यांची अशी सांगड घातली गेली, तर काळ्या मातीत वर उचलल्या गेलेल्या मडगार्डलाही त्याचा कर्ता आणि त्याचे साल मिळेल.